वाट पाहण्याचे चार रविवार

बँकेत उमर काढलेल्या माणसाला डिसेंबर महिन्याचं फारसं कौतुक नसतं. निदान माझ्या पिढीच्या माणसाला तरी नाही. १९८७ सालापर्यंत आमच्या बँकांचं हिशेबी वर्ष ३१ डिसेंबरला संपत असे. मार्चअखेर ही १९८९ पासूनची गोष्ट. त्यामुळे जग थंडीची, हुरड्याची, सहलींची भाषा बोलत असताना आम्ही लेजरमध्ये डोकं खुपसून बसलेले असायचो. संगणक नव्हते. व्याज हातानं काढायचं, बेरजा तोंडानं करायच्या, आणि रात्री दहा वाजता एक रुपया तीस पैशांचा फरक सापडेना म्हणून पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायची. थकलेल्या कर्जांची वसुली, मुदत संपत आलेले कागद, वरच्या कार्यालयाची पत्रं हे सगळं याच महिन्यात अंगावर यायचं.

अशाच एका डिसेंबरात, १९८६ साली, मी वसईला होतो. नवाच बदलून गेलेला सत्तावीस वर्षांचा फील्ड ऑफिसर. शेतीकर्जाचं टेबल माझ्याकडे होतं. सोमवारी, १ डिसेंबरला सकाळी, मी वैतागून म्हणालो, "चला, वर्ष संपत आलं. आता महिनाभर मान वर करायला सवड नाही." आमचा शिपाई जवळच्याच एका गावातला ख्रिस्ती. टेबलावर पाण्याचा पेला ठेवत तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमचं संपत आलं असेल. आमचं तर कालपासून सुरू झालं."

मला वाटलं, गंमत करतोय. त्यानं समजावून सांगितलं. चर्चचं वर्ष १ जानेवारीला सुरू होत नाही. नाताळच्या आधीच्या चौथ्या रविवारी ते सुरू होतं. त्या दिवसापासून २४ डिसेंबरपर्यंतचा जो काळ, त्याला मराठी ख्रिस्ती माणसं आगमनकाळ म्हणतात. त्या वर्षी तो रविवार ३० नोव्हेंबरला आला होता. म्हणजे आम्ही जुन्या वह्या मिटायच्या घाईत होतो आणि बाजूच्या वाडीतली माणसं नवी वही उघडून बसली होती.

सांगायचा मुद्दा असा, की तोवर नाताळ म्हणजे माझ्या लेखी २५ डिसेंबर एवढंच होतं. केक, चांदणी, लाल टोपीतला म्हातारा आणि बँकेला सुट्टी. त्या आधीच्या चार आठवड्यांची मला कल्पनाच नव्हती. आज इतक्या वर्षांनी वाटतं, की खरा सण त्या चार आठवड्यांतच असतो. २५ तारीख ही त्याची सांगता.

वसईबद्दल थोडं सांगायला हवं, कारण आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात ख्रिस्ती म्हटलं की इंग्रजी बोलणारा, वांद्र्याला राहणारा माणूस उभा राहतो. वसईच्या पश्चिम पट्ट्यातला ख्रिस्ती हा मुळात शेतकरी. केळीची, पानवेलीची, फुलांची आणि भाजीची वाडी हे त्याचं जग. पोर्तुगीजांकडे वसई गेली १५३४ साली आणि चिमाजी अप्पांनी ती घेतली १७३९ साली. या दोनशे वर्षांत इथली पुष्कळ कुटुंबं ख्रिस्ती झाली. पोर्तुगीज गेले, पण ही माणसं कुठे जाणार? जमीन इथली, विहीर इथली, बोली इथली. कुणी सामवेदी म्हणजेच कादोडी बोलतं, कुणी वाडवळी. आडनाव डिसोझा किंवा परेरा, पण आजीच्या अंगावर नऊवारी लुगडं. जपानमध्ये १५९७ साली ज्या गोन्सालो गार्सिया यांना क्रुसावर मरण आलं आणि ज्यांना पुढे संतपद मिळालं, ते याच वसईचे. आणि २०२० साली धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झालेले फादर फ्रान्सिस दिब्रिटोही इथलेच. त्यांच्या नावाला तेव्हा काहींनी नाकं मुरडली होती. २०२४ साली ते गेले. त्यांनी बायबल सुबोध मराठीत आणलं, तेव्हा त्यात भाषांतरापेक्षा घरचं बोलणं घरच्या भाषेत करावं तेवढाच सहजपणा होता.

या चर्चमधली प्रार्थना पूर्वी लॅटिनमध्ये चाले. व्हॅटिकनची दुसरी परिषद १९६२ ते १९६५ या काळात भरली आणि तिच्यानंतर लोकभाषेतल्या उपासनेला वाट मिळाली. वसईत ती मराठी झाली. त्यामुळे १९८६ साली मी जेव्हा पहिल्यांदा चर्चच्या दारात उभा राहिलो, तेव्हा आतून मराठी गाणं ऐकू येत होतं, साथीला पेटी आणि तबला होता. मी काहीसा गोंधळलोच. परक्या ठिकाणी जायची मनाची तयारी करून जावं आणि तिथे आपलीच भाषा भेटावी, तसं झालं.

आगमनकाळात चर्च थोडं उदासच दिसतं. फादरांचा झगा जांभळा. वेदीवर फुलांची आरास जवळपास नाही. एरवी रविवारी म्हणायचं देवाचं महिमागान या दिवसांत म्हणत नाहीत, ते नाताळच्या रात्रीसाठी राखून ठेवतात. एका बाजूला हिरव्या पानांचं एक कडं ठेवलेलं असतं आणि त्यात चार मेणबत्त्या. पहिल्या रविवारी एक पेटवायची, दुसऱ्या रविवारी दोन, असं करत चौथ्या रविवारी चारही. तीन मेणबत्त्या जांभळ्या आणि एक गुलाबी. गुलाबी ही तिसऱ्या रविवारची. निम्मी वाट सरली, आता थोडा आनंद करायला हरकत नाही, असा तिचा अर्थ.

ही मेणबत्त्यांची प्रथा फार जुनी नाही. जर्मनीत हॅम्बुर्गला विखर्न नावाचे एक प्रोटेस्टंट धर्मोपदेशक गरीब मुलांसाठी आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारून भंडावून सोडत, म्हणून १८३९ साली त्यांनी गाडीच्या चाकासारख्या एका कड्यावर मेणबत्त्या लावल्या आणि रोज एक पेटवायला सुरुवात केली, असं सांगतात. मला ही गोष्ट फार आवडते. मुलांना त्यांनी "गप्प बसा" म्हटलं नाही, की नाताळही चार दिवस अलीकडे ओढला नाही. त्यांनी वाट पाहणं मोजता येईल असं केलं.

वसईत हे वाट पाहणं हातापायांनी चालतं. पहिल्या रविवारपासून वाड्या जाग्या होतात. घरं सारवली, रंगवली जातात. चर्चच्या कामांची वाडीवार वाटणी होते. एका वाडीकडे झाडलोट, एकीकडे मांडव, एकीकडे गाण्यांची तालीम. पोरं बांबूच्या कामट्या तासून चांदण्या बांधायला बसतात. संध्याकाळी तरुणांची टोळी पेटी, गिटार जे असेल ते घेऊन घरोघर नाताळची गाणी म्हणत हिंडते. स्वयंपाकघरातून करंज्यांचा, कुलकुलांचा आणि खोबऱ्याचा वास येऊ लागतो. आणि मुलांचा सगळ्यात मोठा उद्योग म्हणजे गोठा. येशूचा जन्म गोठ्यात झाला, त्याचा देखावा. इटलीतल्या ग्रेचो गावी संत फ्रान्सिस यांनी १२२३ साली असा जिवंत देखावा उभा केला होता, तेव्हापासून ही चाल जगभर पसरली. वसईच्या गोठ्याला मात्र वसईचा पेंढा असतो, वसईची माती असते. परातीत धान्य पेरून त्याचे हिरवे कोंब गोठ्यापुढे शेत म्हणून मांडतात. आपल्या घटस्थापनेची आठवण यावी असेच ते कोंब. देखाव्यात गुरं असतात, मेंढपाळ असतात, मरिया आणि योसेफ असतात. गव्हाण मात्र २४ तारखेच्या रात्रीपर्यंत रिकामी. बाळाची जागा मोकळी ठेवून सगळा संसार मांडायचा आणि थांबायचं.

आता माझी गोष्ट सांगतो. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

त्या डिसेंबरात माझ्या टेबलावर एक प्रकरण होतं. एका धाकट्या भावानं विहिरीवरच्या पंपासाठी कर्ज घेतलं होतं आणि थोरला त्याला जामीन राहिला होता. कागद १९८४ च्या जानेवारीतले. पहिलं वर्ष हप्ते आले, मग थकले. विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ व्हायला लागलं होतं, केळीनं दगा दिला होता. त्यातून पाण्याच्या पाळीवरून भावाभावांत बिनसलं. एका अंगणात दोन घरं आणि दोघांत अबोला.

बँकेच्या कागदांचं एक आयुष्य असतं. तीन वर्षांच्या आत कर्जदारानं आणि जामीनदारानं कर्जकबुलीच्या कागदावर पुन्हा सही केली तर ते आयुष्य वाढतं, नाहीतर बँकेला मुदतीच्या आत दावा लावावा लागतो. इथली मुदत जानेवारीत संपत होती. साहेबांनी मला बजावलं, वर्षाअखेरच्या आत दोघांच्या सह्या आण, नाहीतर वकिलाकडे कागद देऊ. दावा म्हणजे वाडीवर बोजा, कोर्टाच्या खेपा, आणि गावात बोभाटा.

धाकट्यानं सही केली. थोरला तयार होईना. एका शनिवारी अर्ध्या दिवसाची बँक आटोपून मी त्यांच्या अंगणात गेलो. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "साहेब, त्याच्यासाठी एकदा सही केली ती चूक झाली. पुन्हा नाही करणार. लावा दावा." आतल्या ओटीवर त्यांची म्हातारी आई तांबडं लुगडं नेसून नारळ खवत बसली होती. ती त्यांच्या बोलीत काहीतरी बोलली. मला निम्मंच कळलं. यंदा अंगणात गोठा नाही, एवढं कळलं. दरवर्षी दोन्ही घरची मुलं मिळून अंगणात एकच गोठा करायची. यंदा मुलांनी कामट्या आणल्या होत्या, पण त्या भिंतीला तशाच टेकून उभ्या होत्या.

मी चर्चच्या फादरांकडे गेलो. मनात म्हटलं, यांचा शब्द गावात चालतो, यांनी थोरल्याला दोन शब्द सांगावेत. फादर पन्नाशीतले, शेतकऱ्याच्याच घरातले. ऐकून घेतल्यावर हसले. म्हणाले, "साहेब, मी तुमचा वसुली अधिकारी नाही."

मी ओशाळलो. ते पुढे म्हणाले, "रागावू नका. या दिवसांत गावातली माणसं पापांच्या कबुलीसाठी माझ्याकडे येतात. नाताळच्या आधी मन निर्मळ करायचं असतं. भावाशी, शेजाऱ्याशी वैर ठेवून आलेल्या माणसाला मी काय सांगायचं ते सांगतो, पण सही कर म्हणून सांगणार नाही. तो त्याचा त्यानं यायला हवा. तुमच्याकडेही कबुली, माझ्याकडेही कबुली. फरक एवढाच, की तुमच्याकडे मुदत असते."

मग त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, ती मी पुढे सगळी नोकरी विसरलो नाही. येशूनं शिकवलेली जी रोजची प्रार्थना आहे, तिच्यात क्षमा मागताना मत्तयाच्या शुभवर्तमानात जो मूळ ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ पाप असा नसून ऋण असा आहे. म्हणजे रोज म्हटल्या जाणाऱ्या त्या प्रार्थनेत माणूस आपलं कर्ज माफ करण्याची विनंती करतो, आणि मी इतरांचं कर्ज माफ केलं आहे, असंही सोबत सांगतो. "तुमच्या बँकेला हे परवडणार नाही," फादर म्हणाले. मीही हसलो. पण परतताना सायकलवर तोच विचार डोक्यात होता.

१४ तारखेला तिसरा रविवार झाला, गुलाबी मेणबत्ती पेटली. थोरला आला नाही. २१ तारखेला चौथा झाला. तरी आला नाही. मी वकिलासाठी कागद काढून ठेवले. मंगळवारी, २३ डिसेंबरला दुपारी, काउंटर बंद व्हायच्या वेळेला तो दारात उभा राहिला. अंगात स्वच्छ सदरा होता. माझ्यासमोर येऊन म्हणाला, "कुठे करायची सही? आज करून टाकतो. उद्या घरी काम आहे. मुलांनी गोठा अर्धवट ठेवलाय."

बस, एवढंच. काय घडलं, कोण कुणाकडे गेलं, हे मी विचारलं नाही. कर्ज माफ वगैरे झालं नव्हतं. हप्ते पुढे तीन वर्षं रखडत रखडत आले आणि फिटले. चमत्कार म्हणावा असं त्यात काही नव्हतं. एक माणूस चार आठवडे स्वतःशी भांडला आणि घरच्यांनी, गावानं, फादरांनी त्याला तेवढा वेळ दिला. मी एकटाच काय तो घाईत होतो.

जाताना त्यानं मला आमंत्रण दिलं, "रात्रीच्या मिस्साला या, आणि परवा जेवायला घरी या." रात्रीच्या मिस्साला मी गेलो. २४ तारखेला बॅलन्सिंग अर्धवट टाकून बाहेर पडलो. चर्चपुढच्या मैदानात अख्खं गाव बसलं होतं. थंडी मी म्हणत होती. मध्यरात्री चार आठवडे राखून ठेवलेलं ते महिमागान सुरू झालं, घंटा वाजू लागल्या, बाळाची मूर्ती गव्हाणीत ठेवली गेली. म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. दोघे भाऊ एकाच चटईवर बसले होते, मध्ये त्यांची आई.

आणि आता जे लिहितो आहे, ते लिहायला मला जवळपास चाळीस वर्षं लागली.

२५ तारखेला मी त्यांच्याकडे जेवायला गेलो नाही. "घरून पाहुणे येणार आहेत," असा निरोप शिपायाबरोबर पाठवला. पाहुणे कुणी नव्हते. मी दिवसभर खोलीत कादंबरी वाचत पडलो होतो. कारण साधं होतं. लहानपणापासून कानावर पडलेलं 'त्यांच्या हातचं' हे दोन शब्दांचं भूत मानगुटीवरून उतरत नव्हतं. मी शिकलेला होतो, वर्तमानपत्रांतून समतेवर पत्रं लिहीत होतो, आणि एका शेतकऱ्याच्या घरी पानावर बसायची माझी हिंमत नव्हती. संध्याकाळी शिपाई एक झाकलेलं ताट घेऊन आला. करंज्या, कुलकुल, रव्याचा केक, वर एक केळीचं पान. मी त्याला म्हटलं, "माझं पोट बिघडलंय. तूच घेऊन जा मुलांना." त्यानं ताट उचललं. एक शब्द बोलला नाही.

पुढच्या वर्षी, १९८७ च्या नाताळला, ताट पुन्हा आलं. तोवर वसईचं पाणी मला पुष्कळ लागलं होतं. मी ते खाल्लं, आणि नंतर जेवायलाही गेलो. त्या घराशी माझा जो ऋणानुबंध जडला तो आजतागायत आहे. पण पहिल्या ताटाची गोष्ट मी कुणाजवळ बोललो नाही. पाच कादंबऱ्या लिहिल्या, एकीतही ती आली नाही.

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा त्या अंगणात गेलो. आई केव्हाच गेली, थोरलाही गेला. धाकटा आता ऐंशीच्या घरात आहे. वसई ओळखू येत नाही. विहिरीच्या पलीकडे जिथे केळी होती तिथे सात मजली इमारत उभी आहे. या विहिरींसाठी, या हिरव्या पट्ट्यासाठी इथल्या माणसांनी ऐंशीच्या दशकाअखेरीपासून मोर्चे काढले, उपोषणं केली. काही वाचलं, पुष्कळ गेलं. चर्चमधली रात्रीची मिस्सा पुष्कळ ठिकाणी आता मध्यरात्रीच्या बरीच आधी सुरू होते, कारण दहानंतर लाउडस्पीकरवर बंधन आहे. धाकट्याचे दोन्ही मुलगे परदेशात आहेत. नातवंडं कादोडी बोलत नाहीत, व्हिडिओ कॉलवर इंग्रजीतून आजोबांना हात हलवून दाखवतात. अंगणात गोठा मात्र होता. शेजारच्या इमारतीतल्या मुलांनी केलेला. त्यातली निम्मी मुलं ख्रिस्ती नव्हती, असं त्यानं कौतुकानं सांगितलं. गव्हाण रिकामी होती. अजून चौथा रविवार यायचा होता.

मी धीर करून त्याला पहिल्या ताटाबद्दल सांगितलं. तो खो खो हसला. म्हणाला, "अहो साहेब, ते आम्हाला त्याच रात्री कळलं होतं. तुमचा शिपाई आमच्याच वाडीतला. त्यानं ताट परत आणून आईच्या पुढे ठेवलं. थोरला भडकला होता, आता त्या बँकवाल्याचं तोंड बघायचं नाही म्हणाला. आई म्हणाली, असू दे. लहान आहे. पुढच्या वर्षी परत पाठवू."

वाचकहो, मी निवृत्त माणूस आहे, डोळ्यांत पाणी यायला फारसं काही लागत नाही. पण त्या दिवशी मला आगमनकाळाचा अर्थ कळला असं वाटलं. मी समजत होतो, की ही माणसं चार आठवडे देवाची वाट पाहतात. ते खरंच आहे. पण देवाची वाट पाहायची सवय ज्याला लागली, तो माणसाचीही वाट पाहू शकतो. त्या आजीनं माझी वर्षभर वाट पाहिली. उपदेश केला नाही, टोमणा मारला नाही, माझं खातंही बंद केलं नाही. तिच्या वहीत माझ्या नावावर थकबाकी होती आणि तिनं ती पुढच्या वर्षाच्या पानावर ओढून घेतली.

वाट पाहणं आपल्याला नवं नाही. आषाढीची वाट पाहत वारकरी घर सोडून चालू लागतो. गणपती यायच्या महिनाभर आधी कोकणातलं घर सारवून तयार असतं. पण हळूहळू आपण सगळे सण आयते घ्यायला शिकलो. फराळ विकत, कंदील विकत, शुभेच्छा तर दुसऱ्यांनी लिहिलेल्या. नाताळचंही बाजारानं तेच केलं आहे. नोव्हेंबर संपायच्या आत दुकानांत चांदण्या लागतात, गाणी वाजू लागतात, आणि २५ तारीख उजाडेपर्यंत सगळ्यांना सणाचा कंटाळा आलेला असतो. अशा वेळी कुणीतरी चार आठवडे वेदीवर फुलं मांडत नाही, गाणं राखून ठेवतं, गव्हाण रिकामी ठेवतं, याचं मोल मला वाटतं. धर्म कुणाचाही असो.

आणखी एक बोलायचं आहे. अलीकडे डिसेंबर आला, की देशात कुठे ना कुठे नाताळची गाणी म्हणणाऱ्या मुलांना अडवल्याची, सजावट मोडल्याची बातमी वाचायला मिळते. अडवणाऱ्यांना वाटतं, हा परक्यांचा सण. त्यांना मी काय सांगणार? मी कुणाची सजावट मोडली नाही. मी फक्त एक ताट परत पाठवलं, तेही पोटदुखीचं निमित्त सांगून, अगदी सभ्यपणे. पण दोन्हीचं मूळ एकच आहे, हे मला माझ्यापुरतं कबूल केलं पाहिजे. आपल्यातले बहुतेक जण मोडतोड करणारे नसतात. आपण ताट परत पाठवणारे असतो. शेजारी राहतो, लिफ्टमध्ये हसतो, मोबाइलवर चांदणीचं चित्र धाडतो आणि पानावर बसायचं टाळतो.

यंदाही चार रविवार येतील. एकेक मेणबत्ती पेटत जाईल. तुमच्या इमारतीत, तुमच्या आळीत कुणी ख्रिस्ती कुटुंब असेल तर २५ तारखेपर्यंत थांबू नका. आधीच एखाद्या संध्याकाळी जा. करंज्या भरायचं काम चाललेलं असेल, पोरं गोठ्याला पेंढा लावत असतील. काम सांगतील ते करा. आणि ताट आलं, तर ते रिकामं परत पाठवू नका. आपल्याकडे तशी रीत नाही. त्यात काहीतरी घालून पाठवा.

मी निघालो तेव्हा धाकट्यानं विचारलं, "नाताळला येणार ना जेवायला?" मी म्हटलं, "येणार." तो म्हणाला, "वाट पाहतो."